बार बसतो, पिसं उडतात, टर्की पळते: काडतूस बदलण्याआधी हे तपासा

एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी अमेरिकेतल्या मिझुरी राज्यात टर्कीच्या शिकारीचा वसंतातला हंगाम उघडतो, आणि त्या आठवड्यात मला एक तरी फोन हमखास येतो. या वेळी कॅन्सस सिटीहून आला. "दादा, वीतभर दाढीचा नर होता. चाळीस यार्डांवर. बार केला, पिसं उडाली, कोलमडला. म्हटलं झालं काम. तर उठला आणि झाडीत पसार. दोन तास शोधला. काडतूस बदलू का?" (टर्कीची दाढी म्हणजे नराच्या छातीवर लोंबणारा केसांसारखा झुपका.)

गेल्या वर्षी हाच मुलगा हीच कहाणी सांगत होता. तेव्हा हातात दुसऱ्या कंपनीचा खोका होता, एवढाच फरक. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी त्याला म्हणणार नाही, कारण पहिले दोन हंगाम मीही अंगणालाच शिव्या घालत होतो.

त्याच्या बोलण्यातला एक शब्द मात्र मी पकडला. पिसं. टर्कीच्या डोक्यावर आणि मानेच्या वरच्या भागावर पिसं नसतातच. तिथे उघडी कातडी असते, लाल, पांढरी, निळी, नराचा मूड बदलेल तशी रंग बदलणारी. आणि टर्की मारायची ती तिथेच. नऊ-दहा किलोचा नर, त्यावर जाड पिसांचे थर, मिटलेले पंख, खाली छातीचं भरगच्च मांस. अंगावर छर्रे घेऊनही तो पळतो, उडतो, आणि कुठेतरी दोन दिवसांनी मरतो, जे सगळ्यात वाईट. जागच्या जागी पडायचा तर छर्रे मेंदूत किंवा मानेच्या मणक्यांत शिरायला हवेत. मेंदू सुपारीएवढा, मणक्यांची माळ बोटभर जाडीची.

म्हणून "पिसांचा ढग उडाला" हे कौतुकाने सांगू नका, ते दुखण्याचं लक्षण आहे. चांगल्या बारातही चार छर्रे खाली अंगावर जातात आणि थोडी पिसं पडतात, ते ठीक. पण ढग उडाला आणि पक्षी पळाला, तर दोनच गोष्टी संभवतात. एक तर सगळा भार डोक्याच्या खाली गेला, किंवा तुमचा नेम बरोबर होता पण तेवढ्या लांब पोचेपर्यंत छर्रे इतके विखुरले की डोक्यामानेच्या वाट्याला एखाददुसराच आला. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. कोणतं दुखणं आहे हे खोक्यावर छापलेलं नसतं. ते कागदावर दिसतं.

आधी कागद

खाकी रंगाचा पॅकिंगचा कागद मिळतो तीन फुटी रुळात, तो घ्या. जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर स्टेपल करा, मधोमध लिंबाएवढा काळा ठिपका काढा. खुर्चीत बसा, पुढे टेबल, टेबलावर वाळूची पिशवी, पिशवीवर बंदूक. कानाला संरक्षक, डोळ्याला चष्मा. उभं राहून मारू नका, आपल्याला इथे आपली नव्हे, बंदूक आणि काडतूस यांची परीक्षा घ्यायची आहे.

पहिला बार १० यार्डांवरून, साध्या स्वस्त काडतुसाचा. इतक्या जवळून छर्रे मुठीएवढ्या जागेत जातात, त्यामुळे बंदूक कुठे मारते ते लगेच कळतं. भोक ठिपक्यावर नसेल तर पुढे जाण्यात अर्थ नाही. मग शिकारीला नेणार तेच काडतूस घ्या आणि ३० यार्डांवर या, मग ४० वर. अंतर पावलांनी नको, मोजून. प्रत्येक अंतराला निदान तीन बार, तीन वेगळे कागद. एका कागदावरून मत बनवू नका. तेच काडतूस दुसऱ्या बाराला वेगळं वागतं.

आता मुख्य काम. प्रत्येक कागदावर १० इंच व्यासाची दोन वर्तुळं काढायची. स्वयंपाकघरातली थाळी चालते, पण आधी मोजून घ्या. आमच्या घरातली अकरा इंची निघाली. पहिलं वर्तुळ ठिपक्याभोवती, म्हणजे जिथे नेम धरला तिथे. दुसरं जिथे भोकं सगळ्यात दाट पडली आहेत तिथे. दोन्हींतली भोकं मोजा. लाल पेनने एकेका भोकावर रेघ मारत मोजलं की दुबार मोजणी होत नाही.

४० यार्डांवर १० इंची वर्तुळात १०० छर्रे, असा जुन्या जाणत्यांचा ठोकताळा आहे. कायदा नाही तो, पण हिशोब पटण्यासारखा आहे. १० इंची वर्तुळाचं क्षेत्रफळ ७८ चौरस इंच, म्हणजे शंभर छर्रे म्हणजे चौरस इंचाला सव्वा. मेंदू आणि मणके मिळून जेमतेम काही चौरस इंच भरतात, त्यात तीन-चार छर्रे लागायचे तर एवढी दाटी हवीच. आणि ही दाटी ज्या अंतरावर संपते, ती तुमची हद्द. तुमच्या बंदुकीची ती ३३ यार्ड निघाली तर ३३. ज्या शेजाऱ्याची ४५ आहे त्याची बंदूक त्याच्यापाशी.

माझा पहिला कागद अजून गॅरेजमध्ये आहे. ३० यार्ड, ठिपक्याभोवतीच्या वर्तुळात ३१ भोकं. दाट जागेच्या वर्तुळात ११८. दुसरं वर्तुळ पहिल्याच्या सात इंच खाली. म्हणजे काडतूस झकास होतं, चोकही (नळीच्या तोंडाशी छऱ्यांची वाट आवळणारा भाग) बरा होता. मीच सगळा भार पक्ष्याच्या छातीत घालत होतो आणि दोन वर्षं खोके बदलत होतो.

खांद्याची भीती

सात इंच खाली का? याचं उत्तर माझ्या शेजाऱ्यांनी दिलं. निवृत्त शाळामास्तर, चाळीस-एक वर्षं टर्की मारतायत. त्यांनी माझी काडतुसं पाहिली, साडेतीन इंच लांब, दोन औंस (सुमारे ५७ ग्रॅम) छऱ्यांची. एका मोठ्या दुकानातल्या विक्रेत्याने "सगळ्यात ताकदवान हेच" म्हणून गळ्यात मारली होती. मास्तरांनी काही न बोलता बंदूक घेतली, माझ्याकडे पाठ करून भरली आणि माझ्या हातात दिली. मी नेम धरला, चाप ओढला. खट् असा आवाज आला आणि बार झालाच नाही. त्यांनी प्लॅस्टिकचं खोटं काडतूस घातलं होतं. बार झाला नाही, पण नळीचं टोक चांगलं वीतभर खाली गेलं, डोळे मिटले ते वेगळंच. दणका येणार या धास्तीने मी चाप ओढायच्या आधीच बंदूक खाली ढकलत होतो.

ही चाचणी प्रत्येकाने करावी. सोबत्याला सांगा, पाचातलं एखादं खोटं काडतूस मला न कळवता भर. आपला आपल्याला खरा फोटो दिसतो.

साडेतीन इंची १२ बोर (बोर म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाचं माप) काडतूस १९८८ मध्ये बाजारात आलं. मुख्य गरज होती ती बदकं आणि रानहंस मारणाऱ्यांची: पाणपक्ष्यांसाठी शिशाचे छर्रे बंद होत चालले होते (१९९१ पासून ते अमेरिकाभर बंद झाले), पोलाद हलकं, म्हणून नळकांडं लांब करून जास्त पोलाद भरायचं. टर्कीवाल्यांनी ते आपलंसं केलं, "जास्त म्हणजे चांगलं" या न्यायाने. हलक्या पंप बंदुकीतून दोन औंसांचा भार सोडला की खांदा काय म्हणतो ते ज्याचं त्याला माहीत. आज माझ्यासाठी तीन इंची पुरे आहे. साडेतीन इंचीने मारलेला एकही पक्षी मला आठवत नाही जो तीन इंचीने सुटला असता.

दाटी मोठी की छर्रा मोठा

आता काडतुसाकडे येऊ, कारण कधीकधी चूक खरंच त्याची असते.

नंबर जितका मोठा तितका छर्रा लहान, हे बहुतेकांना ठाऊक असतं. अमेरिकी मापात व्यास काढायचं सोपं गणित आहे: १७ मधून नंबर वजा करा, उरेल तेवढे शतांश इंच. नंबर ४ म्हणजे ०.१३ इंच, ५ म्हणजे ०.१२, ६ म्हणजे ०.११, ९ म्हणजे ०.०८. एका औंसात शिशाचे नंबर ४ चे साधारण १३५ छर्रे बसतात, ५ चे १७०, ६ चे २२५. पावणेदोन औंसांच्या काडतुसात नंबर ४ घेतला तर २३५ च्या आसपास छर्रे, नंबर ६ घेतला तर चारशेला सहा कमी. फरक लहान नाही.

इथे आपल्याकडच्यांची एक गंमत होते. सिंधुदुर्गात माझ्या मामांकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची एकनळी काडतुशी बंदूक होती, आणि घरात 'चार नंबर', 'सहा नंबर', 'एल.जी.' असे शब्द कानावरून गेलेले. खडकीच्या कारखान्याची शक्तिमान काडतुसं. ते नंबर इंग्रजी पद्धतीचे. इंग्रजी ४ नंबर औंसाला १७०, म्हणजे अमेरिकी ५. इंग्रजी ६ नंबर औंसाला २७०, तो अमेरिकी ६ पेक्षा लहानच. तेव्हा गावच्या आठवणीवर विसंबून "चार नंबरच घेतो, मामा तोच वापरायचे" म्हणाल तर दुकानातून एक माप मोठा छर्रा घेऊन याल.

कॅन्सस सिटीच्या मुलाने नेमकं हेच केलं होतं, मामांमुळे नव्हे, "मोठा छर्रा म्हणजे जास्त मार" या समजुतीने. शिशाचा नंबर ४, पावणेदोन औंस. एकेक छर्रा दणकट, पण संख्या कमी. ३० यार्डांवर त्याचा कागद उत्तम. ४० वर त्याच्या वर्तुळात ६४ भोकं होती, आणि कागदावर टर्कीच्या डोक्याचं चित्र ठेवून पाहिलं तर मणक्याच्या रेघेला एकच भोक चाटून गेलेलं.

मग लहान छर्रा घ्यावा, तर तो आत शिरतो का? याचा ढोबळ अंदाज घ्यायला मी एक हिशोब वापरतो: धातूची घनता गुणिले छऱ्याचा व्यास. वेग सारखा असेल तर ज्याचा गुणाकार मोठा तो खोल जातो. छऱ्याच्या शिशाची घनता ११ धरू. नंबर ४ चं उत्तर येतं १.४३, नंबर ५ चं १.३२, नंबर ६ चं १.२१, क्ले पिजनच्या (हवेत फेकलेल्या मातीच्या चकत्यांवरच्या नेमबाजीच्या) साडेसात नंबरचं १.०५. पोलादाची घनता ७.८, त्याचा नंबर ४ घेतला तर १.०१. बघा, पोलादाचा ४ नंबर आत शिरायला शिशाच्या साडेसातच्याही मागे. बिस्मथ हा धातू ९.६ च्या आसपास, म्हणजे मधला.

आणि टंगस्टन सुपर शॉट, ज्याला सगळे टीएसएस म्हणतात, त्याची घनता १८. त्याचा नंबर ९, मोहरीच्या दाण्यासारखा दिसणारा, पण उत्तर १.४४. शिशाच्या नंबर ४ च्या बरोबरीला. औंसात छर्रे किती, तर साडेतीनशेच्या वर, ३६० च्या आसपास. म्हणजे नंबर ४ इतका शिरकाव आणि नंबर ४ च्या अडीचपटीहून जास्त संख्या. पूर्वी लोक हे छर्रे मागवून काडतुसं घरी भरत. २०१८ पासून मोठ्या कारखान्यांची तयार काडतुसं सहज मिळू लागली आणि सगळा बाजार हलला.

याचा खरा फायदा लांब मारण्यात नाही, बंदूक लहान करण्यात आहे. .४१० बोरच्या तीन इंची टीएसएस काडतुसात १३/१६ औंस भार असतो, नंबर ९ चे २९५ च्या आसपास छर्रे. १२ बोरच्या पावणेदोन औंस, शिशाच्या नंबर ५ मध्ये किती? २९८. जी .४१० आपण पोरांची बंदूक म्हणून हसण्यावारी नेत होतो, ती पंगतीला येऊन बसली. आमच्या घरी बायकोने २० बोर घेतली, दीड औंस टीएसएस, ५४० छर्रे, आणि तिचा ४० यार्डांचा कागद माझ्या १२ बोरपेक्षा सरस आहे. हे मी इथे लिहितोय म्हणजे तिने जिंकलेली पैज फिटली.

किंमत बोचते. पाच काडतुसांचा खोका पन्नास-साठ डॉलरना पडतो. शिशाचं काडतूस त्याच्या पाव-तिहाई किमतीत येतं. पण हंगामात आपण मारणार किती बार? दोन, तीन. खर्च कागदावर होतो, आणि तो वाचवण्यासाठी लोक कागद टाळतात, तिथेच घोटाळा. माझं मत विचाराल तर: १२ बोर आहे, पैसे मोजून खर्च करायचेत, ४० च्या आत मारायचंय, तर शिशाचा नंबर ५ किंवा ६, तीन इंची, पावणेदोन औंस. खांदा नाजूक आहे किंवा बंदूक लहान आहे, तर टीएसएस नंबर ९. टीएसएस घेऊन ६० यार्डांवर मारायचं मनात असेल तर ते काढून टाका. छर्रे पोचतील, पण इतक्या लांब मान हलायला वेळ मिळतो, वारा असतो, आणि तुमचा अंतराचा अंदाज तर त्याहून वाईट असतो.

नियम राज्यागणिक वेगळे. मिझुरीत टर्कीला नंबर ४ पेक्षा मोठा छर्रा चालत नाही. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून कुठल्याच शिकारीला शिसं चालत नाही, तिथल्या मंडळींना बिस्मथ, टंगस्टन किंवा पोलाद असं बिनशिशाचंच. दर वर्षीची पुस्तिका वाचा, गेल्या वर्षीची नव्हे.

चोक आवळला म्हणजे झालं, असं नाही

१२ बोरच्या नळीचा आतला व्यास मूळ ०.७२९ इंच. फुल चोक तो तोंडाशी ०.६९५ च्या आसपास आणतो. टर्कीचे खास चोक त्याहून आवळलेले, ०.६७० पासून ०.६४० पर्यंत. शिशाचे मोठे छर्रे अतिआवळ चोकमधून गेले की एकमेकांवर चेपतात, वेडेवाकडे होतात, आणि वेडावाकडा छर्रा सरळ जात नाही. मग पॅटर्न, म्हणजे कागदावरचा छऱ्यांचा पसारा, मधोमध भोकाचा, मेदूवड्यासारखा. मग माणूस म्हणतो काडतूस भिकार. चोक एक पायरी सैल करून बघा, पन्नास डॉलर वाचतील. उलट टीएसएसचे बारीक कठीण छर्रे आवळ चोकमधून छान जातात.

मात्र टीएसएस नळीच्या पोलादापेक्षाही कठीण असतं. कारखान्याच्या काडतुसात त्यासाठी जाड प्लॅस्टिकची वाटी असते. चोकच्या कंपनीने टंगस्टन चालेल असं लिहिलं असेल तरच वापरा. आणि पोलादाचे छर्रे टर्कीच्या आवळ चोकमधून कधीही नाही. चोक फुगून नळीत अडकणं हा त्यातला सौम्य प्रकार.

चाळीस म्हणजे किती

कॅन्सस सिटीच्या मुलाला मी म्हटलं, "परत जा. बसला होतास त्या झाडाला टेक आणि पक्षी उभा होता ते झाड रेंजफाइंडरने (अंतर मोजायच्या यंत्राने) मोज." संध्याकाळी मेसेज आला. ५४. ज्या काडतुसाने ४० वरच ६४ छर्रे दिले, त्याला त्याने ५४ वर नेलं होतं. उघड्या कुरणात पक्षी जवळ वाटतो. दाट झाडीत, मध्ये झुडपं असली की उलट, लांब वाटतो. पहाटे अंधारात बसल्या बसल्या, उजाडलं की चार दिशांची चार झाडं मोजून ठेवायची, ही एक सवय बाकी सगळ्या खरेदीपेक्षा जास्त पक्षी मिळवून देते. पक्षी आल्यावर रेंजफाइंडर उचलायला गेलात तर तो तुम्हाला पाहणार. त्याची नजर तुमच्या सासूबाईंपेक्षा तीक्ष्ण.

याचं उलट दुखणं कमी सांगितलं जातं, कारण लाज वाटते. नर बारा यार्डांवर येतो, माणूस बार करतो आणि एक पीसही पडत नाही. आवळ चोकने इतक्या जवळून पॅटर्न टेनिसच्या चेंडूएवढा असतो. मान हलती. चुकणारच. उपाय काडतुसात नाही: जवळच्या पक्ष्याला रायफलमधून एकच गोळी मारतोय असं समजून नेम धरा. नळीवर नुसती पुढची माशी (नेम धरायचा मणी) असेल तर गाल दस्त्यावरून उचलला की बार वर जातो. तुमचा डोळा हीच मागची माशी आहे. पक्षी नीट दिसावा म्हणून मान उंचावण्याचा मोह सगळ्यांना होतो. मी शेवटी लाल ठिपक्याची साइट बसवली, आणि हा प्रश्न मिटला.

अजून एक. पिसारा फुलवून नाचणाऱ्या नराची मान अंगात ओढलेली असते, डोकं पिसांना चिकटलेलं. तेव्हा मारू नका. तोंडातल्या कॉलने (टर्कीसारखा आवाज काढायच्या साधनाने) एक कडक 'टक्' काढा, पिसारा मिटतो, मान उंच होते. नेम डोक्याच्या टोकावर नव्हे, मानेच्या मध्यावर, लाल गाठी संपून पिसं सुरू होतात त्याच्या जरा वर. म्हणजे अर्धे छर्रे वर डोक्याला, अर्धे मणक्यांना.

न बोलता पाळायच्या गोष्टी

नळीवर कोरलेलं वाचा. तीन इंची चेंबरमध्ये (नळीत काडतूस बसतं त्या जागेत) साडेतीन इंची काडतूस कधीकधी आत बसतं, कारण न उडालेलं काडतूस दुमडलेल्या तोंडामुळे आखूड असतं. उडताना ते तोंड उघडायला जागा नसते आणि दाब भलताच वाढतो. बसलं म्हणजे चालतं असं नाही.

घरात १२ आणि २० बोर दोन्ही असतील तर खिसे वेगळे ठेवा. २० बोरचं काडतूस १२ च्या चेंबरमधून पुढे घसरून नळीत अडकतं, मागून दुसरं भरलं जातं, आणि नळी फुटते. २० ची काडतुसं पिवळी असतात ती याच कारणाने. आमच्याकडे नियम आहे: पिवळं तिच्या जाकिटात, बाकीचं माझ्या.

लाल, पांढरा, निळा रंग अंगावर नको, रुमालसुद्धा नाही. हे नराच्या डोक्याचे रंग आहेत, आणि झाडीत तुम्ही एकटे नसता. कुठून नराचा आवाज आला म्हणून त्याच्या मागावर सरपटत जाऊ नका. तो आवाज दुसऱ्या शिकाऱ्याच्या कॉलचा असू शकतो.

आणि इथे नव्याने आलेल्यांसाठी, कारण हा प्रश्न दर वेळी निघतो: एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक आणि काडतूस बाळगायला मनाई आहे, त्याला वैध शिकार परवान्याचा अपवाद आहे. ग्रीन कार्डवाल्यांना ही अट नाही. मित्राची बंदूक धरून फोटो काढायच्या आधी परवाना खिशात हवा.

कॅन्सस सिटीच्या मुलाने मग काय केलं? काडतूस बदललं, हो. नंबर ४ वरून शिशाचा नंबर ६, तीन इंची, तोच चोक. ४० यार्डांवर तीन कागद: १०९, ९७, ११२. हद्द ४० ठरवली, खोक्याच्या झाकणावर मार्करने लिहिली. हंगामाच्या तिसऱ्या आठवड्यात सकाळी आठ वाजता एक नर मोजून ३१ यार्डांवर आला. फोनवर त्याने पिसांचा उल्लेख केला नाही. मी विचारलंही नाही. छातीचं मांस त्याच्या घरी रात्रभर दही-आलं-लसणात मुरवलं, पाय मात्र कुकरला चार शिट्ट्या देऊनही चामड्यासारखेच राहिले. म्हाताऱ्या नराचे पाय मंद आचेवर तीन तास शिजवावे लागतात, हे सांगायचं माझ्याकडून राहून गेलं.

पुढच्या वर्षी तो नवा खोका घेईल, तेव्हा त्याला एवढंच सांगितलंय: जुन्यातली दोन काडतुसं वेगळी ठेव. नव्या खोक्यातलं एक, जुन्यातलं एक, ४० यार्डांवर शेजारी-शेजारी दोन कागद. कंपनी तीच, नंबर तोच असला तरी लॉट बदलला की भोकं बदलतात. नवं कमी पडलं तर जुनं उरलेलं एक असतंच, पहिल्या सकाळसाठी.